वरीलप्रमाणे

मी बोलतेय. आवाज घरघरतो आणि मधूनच टकटक होते, ते मनावर घेऊ नका. मी एक हार्ड डिस्क आहे. आकार विटेएवढा, वजन विटेहून थोडं जास्तच, आणि पोटात जागा वीस मेगाबाइट. साध्या भाषेत सांगायचं तर दोन कोटी अक्षरं. शेजारच्या टेबलावर नुकतीच चाळीस मेगाबाइटवाली आली आहे आणि तिचा तोरा पाहवत नाही. पण दोन कोटी अक्षरं कशी भरतात, आणि जागा पुरेनाशी झाली की काय होतं, ते तिला अजून कळायचं आहे. मला कळलं आहे. माझ्या चकत्या फिरताहेत तोवर सांगून टाकते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे धूळ औषधालाही नव्हती. तिथून मुंबई, मग नागपूर, आणि १९८६च्या जानेवारीत एका जीपच्या मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळून, मी भंडाऱ्याला आले. मौदा ओलांडल्यावर रस्त्याने असे दणके दिले की पोहोचायच्या आतच माझी शंभरी भरते की काय असं वाटलं.

कार्यालयाचं नाव सांगत नाही. आत काम करणारी माणसं अजून नोकरीत आहेत. जिल्ह्यातल्या तलावांशी त्याचा संबंध होता, एवढं पुरे.

पहिल्या दिवशी माझ्या पेटीपुढे नारळ फुटला, हार पडला आणि कुणीतरी भक्तिभावाने हळदकुंकू उधळलं. मी आतल्या आत किंचाळले. कुंकवाचा एक कण माझ्या चकतीवर बसला असता तर उद्‌घाटन आणि तेरावा एकाच दिवशी झाला असता. पुढे खोलीबाहेर पाटी लागली, चपला बाहेर काढाव्या. लोक देवळात शिरल्यासारखे आत यायचे आणि हात जोडून उभे राहायचे. एकाने तर मला पावसाचं विचारलं.

हात न जोडणारी एकच होती. सत्यभामा. वय बावीस, गाव लाखांदूर तालुक्यातलं दिघोरी, घरातली पहिली पगारदार. टायपिंगच्या परीक्षेत ती पहिली आली होती. ती आली, खुर्ची पुढे ओढली, पदराने कीबोर्ड पुसला आणि कामाला लागली. तिच्या बोटांचा वेग मला पहिल्याच दिवशी आवडला.

काम असं होतं. ह्या जिल्ह्यात तलाव जागोजागी. प्रत्येक तलावात फूट आणि इंच रंगवलेली एक पट्टी उभी असते. चौकीदाराने रोज सकाळी पाळीवर जायचं, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणि पाणी कुठवर आलं ते वहीत लिहायचं. अशा एकशेवीस तलावांच्या अठरा वर्षांच्या वह्या कार्यालयात साचल्या होत्या. त्या सगळ्या माझ्यात उतरवायच्या. तालुक्याच्या ठिकाणी मोजलेला पाऊसही त्यांच्या शेजारी लिहायचा. रोज दोन हजार ओळी. उतरवून झालेल्या वह्या मागच्या टिनाच्या खोलीत टाकल्या जायच्या, आणि तिथे वाळवी त्यांची वाटच पाहत असायची.

त्या वह्यांत एक शब्द सारखा यायचा. वरीलप्रमाणे. हिवाळ्यात तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, बंद झालं की पाणी आठवडा आठवडा हलत नाही. चौकीदार तरी तोच आकडा किती वेळा गिरवणार? मग वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, पान संपेपर्यंत. कार्यालयाच्या साहेबांचा हुकूम होता की तक्त्यातलं कोणतंच घर मोकळं राहू नये, म्हणून सत्यभामा दर ओळीत आकडा पुरा टाईप करायची.

एके दिवशी तिची बोटं मंदावली. समोरची वही तिच्या वडिलांची होती. परसराम हे दिघोरीच्या तलावाचे वीस वर्षांपासूनचे चौकीदार, पण अजून रोजंदारीवरच. त्यांची अक्षरं भाताच्या रोपांसारखी एका रेषेत. पुढे एकदा ते भंडाऱ्याला आले तेव्हा तिने त्यांना खोलीत बोलावलं.

"जय भीम, बाबा. इकडे या. हे पाहा, तुमचेच आकडे हायत."

परसराम पडद्यापासून चार हात दूरच थांबले. "माह्या हातचे? काचेत?"

"तुमच्याच. पण एक सांगा, दर पानाच्या माथ्यावर तुमी आकडा पुरा काहून लिहिला? कालचाच होता ना? बाकीचे चौकीदार नाही लिहत."

"अवं, वरचं पान उंदरानं खाल्लं त खालचे बारा वरीलप्रमाणे कोणाच्या वरचे?" परसराम हसले. "मले जुन्या चौकीदारानं शिकवलं होतं. एक पान गेलं त एकच पान जावं. वही जाऊ नये."

सत्यभामा हसली आणि विसरली. मी विसरले नाही. न विसरणं हा माझा धंदाच आहे.

८७च्या फेब्रुवारीत मी भरले. तीस तलाव बाकी होते आणि पडद्यावर अक्षरं उमटली की डिस्कमध्ये जागा नाही. सत्यभामेच्या तोंडचं पाणी पळालं. कार्यालयाचे प्रमुख आनंदरावसाहेब चष्मा काढून माझ्याकडे असं पाहू लागले, जणू मी कुठे जेवून आले होते.

नागपूरहून भोजराज आला. प्रोग्रॅम लिहिणारा, तिशीच्या आतला, हुशारी अंगात मावत नव्हती. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. त्याने महिनाभर बसून एक प्रोग्रॅम रचला. तो माझ्यातला सगळा मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा, कोणता आकडा, कोणती जोडी किती वेळा येते ते शोधायचा आणि नेहमी येणाऱ्या गोष्टींना छोट्या छोट्या खुणा द्यायचा. सगळ्याचं मिळून एक गाठोडं. ते इतकं आवळलेलं की सहा हिस्से मजकूर एका हिश्श्यात बसला. माझं पोट एकदम हलकं झालं. आनंदरावसाहेबांनी पेढे मागवले.

पण ह्या गाठोड्याची एक खोड होती. त्यातला एक आकडा हवा असला तरी ते पहिल्यापासून उलगडावं लागे. चाळीस मिनिटं. सत्यभामा पडद्याकडे पाहत बसायची. मी घरघरत राहायचे.

"भोजराज सर, एका दिवसाच्या आकड्यासाठी चाळीस मिनिटं?"

"बाई, जागा वाचली पाहा ना. सहापट! वेळेचं काय, चहा पिऊन या."

जुलैत वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि त्या झटक्यात माझी वाचायची सुई चकतीला घासली. एक टीचभर जागा मेली. मला दुखलं, पण बाकी मी धडधाकट होते. गाठोड्याचं मात्र भलतंच झालं. मेलेल्या जागेपर्यंत सगळं नीट उलगडलं आणि तिथून पुढे नुसता कचरा. साठ तलावांची वर्षंच्या वर्षं, एका टीचभर जखमेपायी. भोजराजने फ्लॉपींवर प्रती काढून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं, तरी एकेक फ्लॉपी घालून सगळं परत यायला तीन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी सत्यभामा माझ्याकडे पाहत बसली होती. एकाएकी ती म्हणाली, "एक पान गेलं त एकच पान जावं."

त्या दिवसापासून तिने कंबर कसली. भोजराजकडून प्रोग्रॅम लिहायचं एक पुस्तक मागून घेतलं. ते इंग्रजी, हिचं इंग्रजी बेताचं. रोज काम संपल्यावर एक तास, जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून अर्धा तास. चुका किती केल्या त्या माझ्यापाशी आहेत, सांगणार नाही. चार महिन्यांनी तिचा प्रोग्रॅम तयार झाला. बासष्ट ओळींचा.

त्यात हुशारीचं काही नव्हतं. दर महिन्याचं एक पान. पानाच्या माथ्यावर आकडा पुरा. खाली तोच आकडा सलग आला तर तो एकदाच लिहायचा आणि शेजारी किती दिवस ते. बस. गावच्या चौकीदाराला समजेल इतकं सोपं, कारण ते आलंच होतं गावच्या चौकीदाराकडून. जागा भोजराजसारखी वाचत नव्हती. सहाचं एक होत नव्हतं, फार तर चाराचं तीन. पण कोणतंही पान मागा, दोन सेकंदांत हजर.

भोजराज आधी हसला. मग त्याने बासष्ट ओळी दोनदा वाचल्या आणि हसायचा थांबला. "पण सगळे तलाव ह्यात मावणार नाहीत, बाई. जागा कुठे आहे?"

"सगळं नाही ठेवायचं, सर. घाई कवा राहते? पावसात. जून ते ऑक्टोबर माह्या पद्धतीनं ठेवू. बाकीचे महिने तुमच्या गाठोड्यात घाला, आवळा किती आवळायचे तितके."

आनंदरावसाहेबांना जुलैतले तीन दिवस आठवले आणि त्यांनी मान डोलावली. ८८च्या जानेवारीत माझ्या पोटाची अशी वाटणी झाली. बाकीचे तीस तलावही त्यात मावले. गाठोडं उलगडायला लागणारी जागा सोडली, तर वीस मेगाबाइटमधली मोजून आठ पानांची जागा उरली.

आता त्या दिवसाचं सांगते.

१९८८चा ऑगस्ट. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. सकाळपासून वीज नव्हती, म्हणून मी बंद होते. दुपारी दोनच्या सुमारास एकदम माझ्यात जीव आला. बॅटरीवर. आमची बॅटरी म्हणजे खाली ठेवलेला एक डबा, भरलेला असला तर पंधरा मिनिटं चालायचा. तो पूर्ण भरलेला नव्हता. भोजराज घड्याळ पाहून म्हणाला, "दहा मिनिटं. फार तर बारा."

फोनवर परसराम होते. दिघोरीच्या पोस्टातून बोलत होते. आनंदरावसाहेबांनी फोन कानाला इतका घट्ट धरला होता की त्यांचा कान लाल झाला होता. फोनमधला आवाज खोलीभर ऐकू येत होता, कारण लाईन खराब असली की आपली माणसं ओरडून बोलतात.

"सायेब, पाणी अकरा फूट चार इंचावर हाय. तुडुमापाशी पाळीतून झिरपून राहिलं. पाणी गढूळ येऊन राहिलं, सायेब!"

गढूळ म्हणजे पाळीतली माती वाहून जातेय. पाळीखाली दिघोरीची दोनेकशे घरं. उपाय एकच होता. कडेच्या सांडव्यापाशी पाळ फोडायची आणि पाणी शेतांकडे वळवायचं. घरं वाचतील, पण नुकतंच रोवणं, म्हणजे लावणी, झालेलं तीस एकर भात जाईल. गाव त्याला तयार नव्हतं. गावातली म्हातारी माणसं म्हणत होती की एकोणऐंशी सालीही पाणी एवढंच चढलं होतं आणि पाळ टिकली होती.

"टिकली होती का, ते वहीत असेल," साहेब म्हणाले. "टिकली असेल तर थांबू. नसेल तर फोडू. सत्यभामा, काढ एकोणऐंशी."

वही कुठली? वही वाळवीने केव्हाच संपवली होती. आता वही मीच होते.

सत्यभामेने दिघोरी, ऑगस्ट, एकोणऐंशी मागितलं. मी सुई उचलली आणि पान शोधलं. खरं सांगते, त्या दोन सेकंदांत मी जशी धावले तशी आयुष्यात धावले नाही. शेजारी भोजराज उभा होता. गाठोड्यात असतं तर बॅटरी विझून अर्धा तास झाला असता, तरी ऑगस्ट उलगडला नसता. ते त्यालाही कळलं. त्याने कपाळाचा घाम पुसला.

पडद्यावर पान आलं. तेरा ऑगस्ट, अकरा फूट चार इंच, पाच दिवस. अठरा ऑगस्ट, नऊ फूट दोन इंच.

आनंदरावसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "पाच दिवस! पाच दिवस एवढं पाणी होतं आणि पाळ टिकली. परसराम, ऐकताय ना? घाबरू नका. थांबा. फोडू नका."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. तीस एकर वाचलं होतं. तिकडे फोनवर गावकऱ्यांचा गलका ऐकू आला, त्यात आनंद होता.

फक्त सत्यभामा हलली नाही. तिची बोटं कीबोर्डवरच होती. ती तारखा पाहत होती. तेरा ते सतरा. मग तिची नजर शेजारच्या पावसाच्या रकान्यावर गेली. चौदा ऑगस्टला अडीच इंच पाऊस, पंधराला दोन इंच. आणि तलावाचं पाणी जिथल्या तिथे? बोटभरही वर नाही, खाली नाही? सांडवा साडेबारा फुटांवर, म्हणजे पाणी बाहेर जायलाही वाट नाही.

पण तिला पावसाच्या आकड्यांची गरज नव्हती. एकोणऐंशी साली ती पंधरा वर्षांची होती. तेरा ऑगस्टला दुपारी रोवण्यात तिच्या मायला, पार्वताबाईला, पान लागलं होतं. साप चावला असं तिकडे कोणी म्हणत नाही. तिच्या वडिलांनी मायला बैलगाडीत घालून, मग बसमध्ये घालून भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं होतं. पंधरा ऑगस्टला शाळेत सत्यभामेला गाणं म्हणायचं होतं आणि तिची वेणी घालायला घरी कोणी नव्हतं. केस मोकळे सोडून ती झेंड्यापुढे उभी राहिली आणि रडली. माय जगली. दोघं घरी आली ती सतराच्या संध्याकाळी.

म्हणजे त्या चार दिवसांत पाळीवर कोणीच नव्हतं.

खोलीतल्या दुसऱ्या कोणालाच हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, माझ्यात फक्त अकरा-चार, पाच दिवस, एवढंच होतं. मोजलेला आकडा आणि न मोजता लिहिलेलं वरीलप्रमाणे, माझ्या पोटात दोन्ही सारखेच दिसतात. जागा वाचवताना हे असंच होतं. मला त्याची लाज वाटते.

आणि सत्यभामेला हेही ठाऊक होतं की रोजंदारी चौकीदारांना कायम करायची यादी साहेबांच्या टेबलावर पडलेली आहे, आणि तिच्यात तिसरं नाव परसरामांचं आहे. वीस वर्षांनी. ती गप्प राहिली असती तर कोणीही तिला काही विचारलं नसतं.

"सहा मिनिटं," भोजराज म्हणाला.

सत्यभामा उठली. साहेबांच्या हातातून तिने फोन घेतला. साहेबांच्या हातातून फोन घेणारी त्या कार्यालयात ती पहिलीच.

"बाबा, मी सत्या. एकोणऐंशीच्या पंधरा ऑगस्टले तुमी कुठी होते?"

फोनमध्ये नुसता पाऊस वाजत राहिला.

"बाबा, सायेब ऐकून राहिले. खरं सांगा. इथं लिहिलं हाय की पाच दिवस अकरा-चार होतं. तुमी पाहिलं होतं का?"

"सत्या..." परसरामांचा आवाज आता ओरडल्यासारखा नव्हता, तरी स्पष्ट ऐकू आला. "तेराले पाहिलं होतं. मंग तुही माय... तू त जाणतेस ना. अठराले सकाळी आलो, वही पाहिली त चार घरं मोकळी. सायेब रागावतीन म्हणून वरीलप्रमाणे लिहिलं. पाणी किती होतं, मले ठाऊक नाही. कोणी तुडुम उघडलं होतं का, तेही ठाऊक नाही." मग ते म्हणाले, "बेटा, सायेबाले सांग. त्या आकड्यावर भरोसा ठेवू नका. पाळ फोडा. मीच पहिली कुदळ मारतो. सांडव्याखाली पहिलं वावर आपलंच हाय, कोणी बोलणार नाही."

सत्यभामेने फोन साहेबांपुढे धरला.

आनंदरावसाहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. फोनमध्ये ते एवढंच म्हणाले, "फोडा. माझी जबाबदारी."

चार मिनिटांनी बॅटरी विझली आणि मीही.

त्या दिवशी पाच वाजेपर्यंत सांडव्यापाशी पाळ फोडली गेली. परसरामांनी खरोखरच पहिली कुदळ मारली, आणि पाण्याने पहिलं त्यांचंच दीड एकराचं रोवणं नेलं. पाणी दहा फुटांवर उतरलं. तिसऱ्या दिवशी तुडुमापाशी पाळीची माती आत बसली आणि बैलगाडी मावेल एवढा खड्डा पडला. पाणी अकरा-चारवरच असतं तर काय झालं असतं, ते मग गावात कोणी विचारलं नाही. म्हातारी माणसंही एकोणऐंशीचं नाव घेईनाशी झाली.

यादीचं काय झालं, ते मात्र लोक विचारतात. परसरामांना नोटीस आली. खोटी नोंद केल्याचा खुलासा करावा. त्यांनी खुलासा केला. खरं होतं तेच लिहिलं. आनंदरावसाहेबांनी त्यांच्या बाजूने दोन पानं लिहून पाठवली. तरी यादी आली तेव्हा तिसरं नाव दुसऱ्याचं होतं. मला त्याचा राग येतो, अजून येतो, आणि माझी टकटक त्या महिन्यापासून वाढली आहे. परसराम अजून रोजंदारीवरच पाळीवर जातात. पण त्यांच्या नव्या वहीत तो शब्द नाही. पाणी आठवडाभर हललं नाही तरी रोज आकडा पुरा.

वीज नीट आल्यावर सत्यभामेने पहिलं काम केलं ते ऑगस्ट एकोणऐंशीचं पान उघडायचं. तेराचा आकडा तिने ठेवला. चौदा ते सतरा, चार ओळी पुसल्या आणि प्रत्येकीत लिहिलं: नोंद नाही, चौकीदार पत्नीच्या सर्पदंशामुळे भंडारा दवाखान्यात. चारही ओळींत, पुरं. खुणा नाहीत, आकडा नाही, किती दिवस ते नाही.

भोजराज मागे उभा होता. "एकदाच लिहून शेजारी चार दिवस टाकलं असतं. जागा वाचली असती."

"राहू द्या, सर. ते चार दिवस बाबांचे वेगवेगळे गेले."

दुसऱ्या दिवशी भोजराजने तिच्या बासष्ट ओळींत चार ओळी घातल्या. आता दर नव्या आकड्यापाशी एक अक्षर असतं, तो मोजलेला की वरीलप्रमाणे लिहिलेला ते सांगणारं. त्यापायी माझी उरलेली आठ पानांची जागाही गेली. मी तक्रार केली नाही.

आता माझं काय? हे १९८९ आहे. मेलेली टीचभर जागा हळूहळू पसरतेय. कालपासून सत्यभामा मला त्या चाळीसवालीत उतरवून घेतेय. त्या नवीचा प्रोग्रॅम आपणहूनच सगळं आवळतो म्हणे, न विचारता. असू दे. नवीन आहे.

सगळे तलाव पलीकडे उतरले. दिघोरी शेवटी ठेवली होती. त्या चार ओळींपाशी आले आणि माझी सुई अडली. जखम नेमकी तिथवर पोहोचली होती. पडद्यावर तो नेहमीचा प्रश्न आला: थांबू, पुन्हा करू, की सोडून देऊ?

भोजराज म्हणाला, "सोडून द्या, बाई. चार तर ओळी आहेत."

सत्यभामेने पुन्हा दाबलं. मी सुई उचलली, नेली, अडले. पुन्हा. अडले. पाचव्यांदा माझ्यातून असा आवाज आला की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. सहाव्यांदा चौदा ऑगस्टची ओळ पलीकडे गेली. सातव्यांदा पंधरा आणि सोळा. मग काही नाही. तिने खुर्ची पुढे ओढली, पहिल्या दिवशी ओढली होती तशी.

मला भंगारात घाला, दारात अडसर म्हणून ठेवा, माझी काही हरकत नाही. एकच मागणं आहे. मी बंद झाल्यावर माझ्या लेकरांना, त्या नव्या डिस्कांना सांगा, की जागा वाचवा, वेळ वाचवा, खुशाल वाचवा. पण जे कोणी पाहिलंच नाही, तिथे वरीलप्रमाणे लिहू देऊ नका.

थांबू, पुन्हा करू, की सोडून देऊ?

तिने पुन्हा दाबलं. नवव्यांदा सतरा ऑगस्ट गेली, अक्षर न अक्षर.